यजमानाचं नाव

ज्या लाकडावर बुरशीच्या छत्र्या उगवल्या ते लाकूड आमच्या घरात खोटा माल. माझी माय मोळ्या विकायची, आणि मोळीत असं एक जरी पोचट लाकूड निघालं तर गिऱ्हाईक पुढच्या बाजाराला दुसऱ्या बाईकडं जातं हे तिला पक्कं ठाऊक होतं. बांधावरनं, नाल्यातनं, डोंगराच्या उतारावरनं वाळकं लाकूड वेचताना ती आधी दोन लाकडं एकमेकांवर वाजवून बघायची. खणखणीत वाजलं तर घ्यायचं, बद्द वाजलं तर तिथंच फेकायचं. वरून खपल्या धरल्यात पण आतून टणक आहे, अशा लाकडाच्या खपल्या ती विळ्यानं खरवडून काढायची, ओल्या फडक्यानं पुसायची आणि उन्हात टाकायची. लाकूड असं लख्ख झालं की मगच ते मोळीत जायचं. अशा बाईच्या पोटच्या पोरीनं जालन्याच्या कॉलेजात जाऊन बी.एस्सी.ला त्या खपल्यांचाच अभ्यास घ्यावा, ही गंमत आमच्या घरात वर्षभर पुरली. बाबा तर जेवताना हमखास विषय काढायचे. म्हणायचे, "माय खरवडून फेकती आन् लेक वेचून आणती. एका घरात दोन दुकानं झाली."

घर म्हणजे पिंपळगाव रेणुकाईपासून तीन-चार मैल आत, गावाच्या कडेला आमची वस्ती, तिथं दोन खोल्या आणि पुढं शेणानं सारवलेलं अंगण. बाबा सडकेच्या कामावर खडी फोडायला जायचे. संध्याकाळी आले की अंगणात बसून हातापायांना तेल चोळायचे आणि माझ्या पुस्तकातली चित्रं बघायचे. त्यांना अक्षरं जोडून जोडून वाचता येत होती, मायला येत नव्हती. पण मायच्या चुलीपाशी बसलं की कळायचं, हिला काय काय वाचता येतं. भाकरीला बाभळीचा विस्तव, कारण तो धगधगत नाही, बसून राहतो. हुलग्याचं माडगं शिजवायला चिंचेचा एकच जाड ओंडका. पळस नाइलाजाला, कारण घरभर धूर, डोळे चोळत बसा. टेंभुर्णी तडतडते, ठिणग्या उडवते, म्हणून ज्या घरात रांगतं लेकरू आहे त्या घराला ती टेंभुर्णीचं लाकूड विकायची नाही. आम्ही अंबाडीची भाजी आणि ठेचा घेऊन जेवायला बसलेलो असायचो आणि ही मधेच नाक वर करून म्हणायची, "आज शेवंताबाईनं लिंब जाळायला काढला वाटतं. घरातलं सरलं दिसतंय. उद्या एक मोळी तिच्याकडं टाकावी." शेवंताबाईचं घर चार घरं सोडून. बाबा उगाच खात्री करायला उठून जायचे आणि हसत परत यायचे. मायचं खरं निघालेलं असायचं.

आमचे वनस्पतिशास्त्राचे सर, मोडक सर, पुण्याकडचे होते. माणूस सज्जन, पण मराठीचं वेड फार. बाकी सगळं शिक्षण इंग्रजीत, आणि सरांचा हट्ट असा की संग्रहाला लावायच्या चिठ्ठ्या मराठीतच हव्यात. त्यांनी स्वतः चिठ्ठ्यांचा नमुना करून छापून आणला होता. त्यावर ओळीनं क्रमांक, दिनांक, ठिकाण, वर्णन, आणि मग एक ओळ होती, 'यजमान'. ज्या झाडाच्या लाकडावर छत्री उगवते ते झाड तिचं यजमान, छत्री ही पाहुणी, असं सरांनी फळ्यावर लिहून समजावलं. वर्गात आम्ही पाच मुली होतो, पाचही जणी वहीत तोंड खुपसून हसलो. आमच्याकडं यजमान म्हणजे एकच, कुंकवाचा धनी. सरांना कळेना या का हसतायत. मी घरी तो शब्द चुकूनही उच्चारला नाही. बाबांच्या तोंडी लागला असता तर त्यांनी माझं सगळ्या झाडांशी लग्न लावून दिलं असतं. घरी मी आपलं 'झाड कोनतं, लाकूड कोनतं' एवढंच म्हणायची.

सरांनी मला एकदा बाजूला बोलावून सांगितलं होतं की शेवटच्या परीक्षेला बाहेरून जे परीक्षक येणार आहेत ते या बुरशींमधले जाणकार आहेत, आणि ज्याचा संग्रह त्यांना पटेल अशा एका विद्यार्थ्याला ते पुढं आपल्या हाताखाली शिकायला घेणार आहेत. राहायची, जेवायची सोय तिकडेच. तसं झालं नसतं तर पुढच्या शिक्षणाचा विचारही आमच्या घरात करता आला नसता, बी.एस्सी. घेऊन मी गावाकडं परत आले असते. त्यामुळं तो संग्रह म्हणजे माझं सगळं होतं. सरांना माझे मार्क माहीत होते, माझं घर माहीत नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं. वसतिगृहातल्या मुलींनी विचारलं, आई काय करते, की मी म्हणायची, शेती करते. आमच्याकडं शेत कुठलं! आज हे लिहिताना मला माझाच राग येतो. एवढी घट्ट, ताठ मानेची बाई, आणि मी तिला दोन अक्षरांत पुसून टाकत होते. पण तेव्हा लाज वाटायची हे खरं आहे, ते खोटं कशाला लिहू.

श्रावण-भाद्रपदात सुट्टी मिळेल तशी मी गावी यायची आणि मायच्या मागं मागं हिंडायची. ते दिवस आठवले की अजून हसू फुटतं. ती लाकूड बघायची, मी लाकडाचा कुजका भाग बघायची, म्हणजे एकाच ओंडक्याची दोन टोकं दोघींनी धरलेली. मी नाल्याच्या काठी उताणी-पालथी पडून भिंगातनं बघत बसायची आणि ती कमरेवर हात ठेवून म्हणायची, "उठ गं, चिखलात लोळून राह्यली. लोक म्हनतील ह्या कौतिकाबाईच्या लेकीला झटके येतेत." एका पडलेल्या खोडावर शेंदरी रंगाच्या पातळ पातळ पापड्या एकावर एक लागलेल्या, इतक्या लाल की मी ओरडलेच. दुसरीकडं करड्या, केसाळ, नखाएवढ्या पंखांची रांग, उलट्या करून बघितल्या तर खाली बारीक चिरलेल्या पट्ट्या. एका ठिकाणी काळे गोळे, कोळशाचेच म्हणावेत असे, कापले तर आत एकात एक वळी. आणि एका जुन्या बुंध्याशी तांबडी, वार्निश मारल्यागत चमकणारी मोठी टोपी. तिचं शास्त्रीय नाव गॅनोडर्मा. बाबांनी ते ऐकलं आणि विचारलं, "गण्या न् धर्मा? दोघं भाऊ का?" तिथपासून आमच्या घरात ती छत्री गण्या-धर्माच झाली. ओल्या लाकडावर मऊ, तपकिरी, कानाच्या पाळीसारख्या एक प्रकारच्या छत्र्या येतात. माय म्हणायची, "त्याच्यापाशी काही बोलू नको बाई, त्या लाकडाला कान फुटलेत."

प्रत्येक नमुना लाकडाच्या तुकड्यासकट हवा, असं सरांचं सांगणं. मी तसे एकतीस जमवले. सावलीत वाळवले, प्रत्येकाचं चित्र वहीत काढलं, मापं घेतली, क्रमांकाची चकती दोऱ्यानं बांधली, ठिकाण लिहिलं आणि यजमानाच्या ओळीत माझ्या मनानं बाभूळ, लिंब, आंबा असं ठोकून दिलं. माय शेजारी उभी असायची, पण तिला विचारायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. मी बी.एस्सी.ची ना. साल गळालेलं, पान नसलेलं लाकूड बघून झाड ओळखता येत नाही असं पुस्तकात होतं, मग अंदाजानं लिहिलं तर कोण पकडणार असा माझा हिशेब. परवा माझ्या नातीनं फोन छत्रीसमोर धरला आणि फोननं क्षणात त्या छत्रीचं नाव सांगितलं. मी म्हटलं, आता खालचं लाकूड कशाचं ते विचार. फोन गप्प. मला उगाच बरं वाटलं.

परीक्षेच्या आधी आठवडाभर मी सगळे नमुने एका पोत्यात घालून घरी आणले. वसतिगृहात डांबरगोळ्यांच्या वासानं मुली कावल्या होत्या, आणि चिठ्ठ्या नीट लिहायला मला निवांत जागा हवी होती. पोतं अंगणात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांबरोबर पिंपळगावच्या बाजाराला गेले, जाड कागद आणि दोरा आणायला. निघताना मायनं विचारलं, "या लाकडांचं काय करायचं असतं?" मी घाईत होते. म्हटलं, "मोठे साहेब येणारेत बघायला." एवढंच. चूक माझी, साहेबांना काय बघायचं असतं ते मी सांगितलं नाही.

दुपारी परत आलो तर अंगणात चटईवर एकतीस लाकडं ओळीनं मांडलेली. स्वच्छ. विळ्यानं खरवडून, ओल्या फडक्यानं पुसून, उन्हात वाळवून लख्ख केलेली. मोठ्या साहेबांपुढं खपल्या धरलेलं लाकूड ठेवायचं म्हणजे घराची अब्रू जाते, असा तिनं विचार केला. माझ्या छत्र्या एका सुपात, सगळ्या एकत्र. क्रमांकाच्या चकत्या तिनं सोडून खुंटीला अडकवल्या होत्या, दोरे वाया जाऊ नयेत म्हणून त्यांची छोटी गुंडी करून ठेवली होती. आणि ती आमची वाट बघत उंबऱ्यावर बसलेली, हात दुखताहेत म्हणून एका हातानं दुसरा हात दाबत, तोंडावर खुशी. म्हणाली, "सकाळपासून बसून राह्यले. एकालाबी खपली ठिवली न्हाई बघ."

मी खाली बसले आणि भोकाड पसरलं. वीस वर्षांची घोडी, पण सुपाकडं बघून मला ठसका लागेपर्यंत रडू आलं. कुठली छत्री कुठल्या लाकडावरची, कुठला क्रमांक कशाचा, सगळा काला झाला होता. माय आधी घाबरली, मग बाबांनी तिला हळू आवाजात समजावलं की पोरीला त्या खपल्याच दाखवायच्या होत्या, लाकडं नव्हे. तिचा चेहरा असा उतरला की माझं रडणंच थांबलं. ती उठली. घरात गेली, तांब्याभर पाणी आणून माझ्यापुढं ठेवलं आणि सुपापाशी बसली. त्यातली एक छत्री उचलली, उलटी केली, तिचं बूड अंगठ्यानं चाचपलं. मग ओळीतल्या लाकडांवरनं नजर फिरवली, एक उचललं आणि छत्री त्यावरच्या पांढुरक्या डागावर टेकवली. बरोबर बसली. म्हणाली, "रडती कशाला? मीच काढल्यात, मला म्हैत न्हाई व्हय कुठनं काढल्यात ते. तू तुझी वही काढ."

पुढचे दोन दिवस आम्ही दोघी अंगणात बसून होतो. असे दोन दिवस मला आयुष्यात परत मिळाले नाहीत. मी सुपातली छत्री वहीतल्या चित्राशी जुळवून क्रमांक सांगायची, ती त्या छत्रीचं लाकूड काढून द्यायची. खरवडलेल्या डागाचा आकार, रंग, विळा कुठं अडकला होता, सगळं तिच्या हाताच्या लक्षात होतं. बाबा दोरे कापून द्यायचे. शेवंताबाई तरवट्याच्या बिया निवडायला म्हणून आली आणि दिवसभर बसली. शेजारणी येऊन विचारायच्या, "काय करून राह्यल्या गं मायलेकी?" आणि माय म्हणायची, "ज्याचं त्याला देऊन राह्यलो."

गाडी अडली ती यजमानाच्या ओळीवर. मी वहीतनं वाचलं, "सात नंबर. बाभूळ." मायनं लाकूड हातात तोललं. म्हणाली, "ही बाभूळ न्हाई. हिवर हाये." मी म्हटलं बाभूळच आहे, मी लिहिलंय. ती म्हणाली, "तू लिवलं म्हनून हिवराची बाभूळ होती का?" मी हट्टाला पेटले. मग तिनं त्या तुकड्याची एक बारीक काडी मोडली, चुलीत धरली आणि माझ्या नाकाखाली आणली. दुसरी काडी खऱ्या बाभळीची. वास खरंच वेगळा होता. मग तिनं दोन्ही लाकडं वाजवली, नखानं ओरखडून आतला रंग दाखवला. पुढं 'आंबा' म्हणून लिहिलेलं सालई निघालं, ते तर चुलीत धरल्याबरोबर धुपाचा वास सुटला, विहारात असतो तसा. 'लिंब' म्हणून लिहिलेलं टेंभुर्णी निघालं, तडतडून मायच्या लुगड्यावर ठिणगी उडाली. एकतिसांतली नऊ नावं चुकलेली निघाली. प्रत्येक चुकीला बाबा मोठ्यानं म्हणायचे, "कालेज फेल, जंगल पास." आठव्या चुकीपासून मीही हसायला लागले. नऊही ठिकाणी मी जुनं नाव खोडून नवं लिहिलं आणि वहीच्या समासात खरं ते टिपून ठेवलं की नमुने साफ करताना सुटले होते, पुन्हा जुळवले.

परीक्षेला जाताना माय माझ्याबरोबर निघाली. पोतं एसटीच्या टपावर टाकलं तर परत काला होईल ही तिला धास्ती. भोकरदनला गाडी बदलली तेव्हा कंडक्टर म्हणाला, "मावशी, जालन्यात काय जळतन मिळत न्हाई का, इथून घेऊन चालल्या?" माय ताठ होऊन म्हणाली, "जळतन न्हाई भाऊ, अभ्यास हाये ह्यो." सगळी गाडी हसली, कंडक्टरनं तिला पोत्यासकट पुढच्या बाकावर जागा करून दिली. कॉलेजात पोचल्यावर मात्र मी तिला म्हटलं, तू बाहेर व्हरांड्यात बस, आत फक्त विद्यार्थ्यांना सोडतात. ते खरं होतं. पण ती चार मुलींच्या नजरेला पडू नये हेही माझ्या मनात होतं.

परीक्षक सडपातळ, पांढऱ्या केसांचे, कमी बोलणारे. त्यांनी माझे एकतीस नमुने एकेक करून बघितले, भिंग लावून बघितले, आणि छत्र्यांच्या नावांबद्दल काही म्हणाले नाहीत, म्हणजे ती पटली असावीत. मग वही उघडली आणि समासावर बोट ठेवलं. "नमुने सुटले, पुन्हा जुळवले, असं लिहिलंय. कोणी जुळवले?" मी म्हटलं, "मी, सर. आणि घरच्यांनी." त्यांनी पानं उलटली. "नऊ ठिकाणी यजमान बदललाय. पान नाही, फूल नाही, साल नाही. सालई कशावरून? टेंभुर्णी कशावरून? यजमान मनानं लिहिलेले असतील तर हा संग्रह मला मान्य करता येणार नाही." मोडक सर खिडकीपाशी उभे होते, त्यांचा चेहरा पडला. मी टेबलाची कड धरून उभी. कुठल्या तरी पुस्तकाचं नाव सांगावं असं मनात आलं, तोंडापर्यंतसुद्धा आलं. मग अंगणातले ते दोन दिवस आठवले आणि मी म्हटलं, "सर, माझ्या आईनं सांगितलं. ती मोळ्या विकते. बाहेर बसलीय."

खोलीतल्या चारही मुलींनी माझ्याकडं बघितलं. बघू देत. परीक्षक म्हणाले, "बोलवा त्यांना."

माय चपला बाहेर काढून, डोक्यावरचा पदर सारखा करत आत आली. परीक्षकांनी एक तुकडा उचलला, चिठ्ठी उलटी करून तिच्यापुढं धरला आणि अगदी आदरानं विचारलं, "बाई, याच्या यजमानाचं नाव सांगा."

मायनं त्यांच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. ते म्हणाले, "घाबरू नका, सांगा." माय गप्प. पदर आणखी पुढं ओढला. त्यांनी दुसरा तुकडा घेतला, "बरं, याच्या यजमानाचं?" आता तिचे कान लाल झाले. दोन दिवस जी बाई न चुकता बोलत होती तिची वाचा इथं कशी बसली! परीक्षकांनी तुकडा खाली ठेवला, पेनाचं टोपण काढलं आणि मोडक सरांना म्हणाले, "यांना माहीत नाही." माय माझ्या कानाशी लागून, रागानं, कुजबुजली, "शांते, ह्ये मास्तर भलतंच काय इचारून राह्यले? चारचौघांत असं नाव घेत्यात का? आन् दोन दोनदा?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्या घरानं दीक्षा घेतली तेव्हा मायनं कितीतरी जुन्या गोष्टी सोडल्या, उपास सोडले, नवस सोडले. पण नवऱ्याचं नाव तोंडातनं काढायचं नाही, ही एक गोष्ट तिला सोडता आली नव्हती. लग्नात एकदा घेतलं तेवढंच. बाबांना हाक मारायची तर 'ओ शांताचे बाबा'. मी म्हटलं, "माय, बाबांचं नाव न्हाई इचारत. लाकूड कोनतं ते इचारतेत."

"मंग तसं बोला की," माय म्हणाली. खोलीतल्या सगळ्यांना ऐकू गेलं. मोडक सरांना एकदम त्या पहिल्या दिवशीचं वर्गातलं हसू उमगलं असावं, त्यांनी तोंडावर रुमाल धरला.

मग काय विचारता. तिनं पदर खोचला आणि टेबलाशी गेली. तोलायची, वाजवायची, नखानं ओरखडायची, वास घ्यायची आणि नाव सांगायची. "ही हिवर. ही सालई, हिला जाळून बघा पाहिजे तर. ही चिंच. ह्यो पळस, ह्यो लौकर पानी धरतो म्हनून असा भुसभुशीत व्हतो." परीक्षक चिठ्ठी उलटून बघायचे, जुळायचं, पुढचा तुकडा द्यायचे. सहा झाले, आठ झाले. मग त्यांनी कोपऱ्यातला एक मळका, मोडका तुकडा उचलून तिच्या हातात दिला. मायनं तो फिरवून बघितला. "ह्ये सागवान. पर ह्ये तुमच्या स्टुलाचा पाय हाये साहेब. सुतार बोलवा, जळतनात नका घालू." परीक्षक हसले. तोवर मला वाटलं होतं या माणसाला हसता येत नाही.

त्यांनी मला नव्या चिठ्ठ्या घ्यायला सांगितल्या. म्हणाले, ज्यानं यजमान ओळखला त्याचं नाव चिठ्ठीवर असायला हवं, ती शास्त्राची रीत आहे. मग मायकडं वळून त्यांनी विचारलं, "आपलं पूर्ण नाव?" माय म्हणाली, "कौतिकाबाई." ते म्हणाले, "पुढं?" पुढं पुन्हा तेच, नवऱ्याचं नाव. ती माझ्याकडं बघायला लागली. मी हसत म्हटलं, "किसन, सर," आणि आडनाव सांगितलं. मग मी बाकावर बसून लिहायला लागले. तोवर मी शाळेचे, वसतिगृहाचे, सवलतीचे किती अर्ज भरले असतील, प्रत्येकावर बापाचं नाव लिहिलं होतं. मायचं नाव मला कुठल्या कागदानं विचारलंच नव्हतं. पहिल्या चिठ्ठीवर 'कौतिकाबाई' लिहिताना वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ यावर माझं पेन अडलं. वीस वर्षांत मी ते कधी लिहिलं नव्हतं. मला फार आनंद झाला आणि फार लाजही वाटली, आणि दोन्ही एकदमच. माय शेजारी उभी राहून बघत होती. तिला वाचता येत नव्हतं, पण प्रत्येक चिठ्ठीवर एकाच आकाराची ओळ येतेय हे तिला दिसत होतं.

"ह्ये काय लिवून राह्यली?"

"तुझं नाव. लाकूड तू ओळखलं म्हनून."

"समद्यांवर?"

"एकतीसच्या एकतीस."

तिनं चिठ्ठ्यांवरनं बोट फिरवलं. मग टेबलावरच्या नमुन्यांत हात घालून तिनं एक लांबट, करडा तुकडा बाजूला काढला. म्हणाली, "ह्याच्यावर नको टाकू."

"का? धावडा म्हनली होतीस ना तू?"

"म्हनले होते. तू इतकी रडली होती म्हनून बोलून गेले. वास पार निघून गेल्ता त्याचा. धावडा असंल, नसंलबी. मला बराबर म्हैत न्हाई. माझं नाव नको त्याच्यावर."

परीक्षक ऐकत होते. त्यांनी तो तुकडा तिच्या हातातनं घेतला, उलटसुलट बघितला आणि माझ्यापुढं ठेवला. मी त्या चिठ्ठीवर 'यजमान' या ओळीपुढं लिहिलेलं 'धावडा' खोडलं आणि 'माहीत नाही' असं लिहिलं. त्यांनी ते वाचलं, वहीच्या शेवटच्या पानावर सही केली आणि वही मिटून माझ्या हातात दिली.

"जूनमध्ये या," ते मला म्हणाले. मग मायकडं बघून म्हणाले, "दोघी आलात तरी चालेल."

"जूनमधी मला न्हाई जमायचं साहेब," माय म्हणाली. "पावसाच्या तोंडावर लोकांना जळतन भरायचं असतं." आणि माझ्या पाठीवर हात ठेवून तिनं मला एक पाऊल पुढं ढकललं. "हिला घेऊन जा."